बरे झाल्यावरची तारीख

लहानपणी कर्करोग झालेल्या मुलाची तपासणी उपचार संपल्यानंतरही आयुष्यभर चालू ठेवावी लागते आणि तिचे दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा रोग उलटतो का हे पाहण्याचा. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. गोळ्या बंद झाल्यावरच्या सुरुवातीच्या काळात तो उलटण्याची भीती सर्वांत जास्त असते, म्हणून आधी महिन्या-दोन महिन्यांनी आणि पुढे तीन-सहा महिन्यांनी तारीख दिली जाते. या टप्प्याचे महत्त्व आईवडिलांना समजावून सांगावे लागत नाही. धसका ताजा असतो; ते येतात. दुसरा टप्पा साधारण दोन वर्षांनी सुरू होतो. त्यात रोगापेक्षा उपचारांचे उशिरा दिसणारे परिणाम शोधायचे असतात. मूल तोवर शाळेत जाऊ लागलेले असते, खेळते, शेळ्या राखते. त्याला काही झाले होते असे पाहणाऱ्याला वाटतही नाही, आणि तरी वर्षातून एकदा दूरच्या शहरातून बोलावणे येते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तपासणी सुटते ती बहुधा या टप्प्यावर. कुटुंबे या सेवेबद्दल समाधानी आहेत का, हा प्रश्नही मुख्यतः याच टप्प्याविषयी विचारला पाहिजे.

उशिराचे परिणाम कोणते, हे मिळालेल्या औषधावर आणि त्याच्या मात्रेवर ठरते. डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन ही औषधे हृदयाच्या स्नायूला इजा करतात. ती इजा दहा-वीस वर्षेही गप्प राहू शकते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्यांचा धोका मोठा मानला जातो, आणि अमेरिकेतील चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपची मार्गदर्शक तत्त्वे अशांना दर दोन वर्षांनी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला सांगतात. सिस्प्लॅटिनने कान आणि मूत्रपिंड, आयफोस्फामाइडने मूत्रपिंड, ब्लिओमायसिनने फुप्फुसे आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या मोठ्या मात्रेने प्रजननक्षमता बाधित होऊ शकते. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. डोक्याला शेक म्हणजे किरणोपचार दिलेल्या मुलांची उंची खुंटू शकते, अभ्यासातला वेग कमी होऊ शकतो. छातीला शेक मिळालेल्या मुलींमध्ये तरुणपणीच स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस होते, आणि त्यांतल्या ६२ टक्क्यांना किमान एक दीर्घकालीन आजार जडलेला होता; २७ टक्क्यांहून अधिक जणांचा आजार गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. ऐन उमेदीच्या वयातले हे आकडे आहेत. यांतले बरेच आजार लवकर सापडले तर आटोक्यात राहतात, आणि तपासणीचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो.

भारतात हा प्रश्न उभा राहायला आधी मुले वाचावी लागली. १९८४ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ल्युकेमियासाठी ‘एमसीपी ८४१’ नावाची उपचारपद्धती सुरू झाली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली. त्यानंतर काही वर्षांतच, १९९१ मध्ये, याच रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट’ हा विशेष बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. ‘ॲक्ट क्लिनिक’ या नावाने तो ओळखला जातो आणि देशातला अशा प्रकारचा पहिला मानला जातो. उपचार संपून किमान दोन वर्षे निरोगी राहिलेल्यांना तिथे घेतात. पुढे २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली ‘उगम’ हा गट स्थापन झाला. लहानपणी कर्करोगातून बरे झालेले तरुणच तो चालवतात आणि वॉर्डातल्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना भेटतात. बऱ्या झालेल्या मुलांची अनेक रुग्णालयांतून एकत्र नोंद ठेवण्याचा ‘सीटूएस’ हा भारतीय अभ्यास त्यानंतरचा. हे काम मोठ्या जिद्दीचे आहे. पण ते मोठ्या रुग्णालयाच्या दारात सुरू होते आणि बहुतांशी तिथेच थांबते.

दोन जिल्ह्यांची वाट

२०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२ लाख ४ हजार आणि गडचिरोलीची १० लाख ७३ हजार होती. भारतातील कर्करोग नोंदण्यांमध्ये पंधरा वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे वर्षाला ३८ ते १२४ रुग्ण आढळल्याचे एका आढाव्यात दिसले आहे. या जिल्ह्यांतली एक चतुर्थांश लोकसंख्या त्या वयातली धरली, तर वर्षाकाठी अंदाजे तीस ते शंभर मुलांना कर्करोग होत असावा. हा केवळ ठोकताळा आहे, पण त्यावरून एक गोष्ट लक्षात येते. एकेका तालुक्याच्या वाट्याला वर्षाला सरासरी एक ते चार मुले येतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला अख्ख्या नोकरीत असे मूल क्वचित भेटते, आशा कार्यकर्तीला कदाचित एकदाही नाही. हिवतापाचा रुग्ण कसा सांभाळायचा हे इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. कर्करोगातून उठलेल्या मुलाचे काय करायचे, हे कुणाच्याच अंगवळणी पडलेले नाही.

उपचारांसाठी ही मुले चारी दिशांना पांगतात. चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, आरमोरी भागांतली मुले बहुधा नागपूरला जातात: राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मेडिकल’, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानमधील एम्स. काहींना सेवाग्राम जवळ पडते. काही थेट मुंबईला टाटामध्ये जातात. सिरोंचा तालुक्यातल्या तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांचा ओढा वारंगळ-हैदराबादकडे, कोरचीच्या लोकांचा छत्तीसगडकडे. चंद्रपुरात राज्य सरकार, जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणि टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे, त्यामुळे पुढच्या पिढीचा काही प्रवास तरी वाचावा. पण आज बरी झालेली मुले ज्या फायली घेऊन जगत आहेत त्या तीन राज्यांतल्या, वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या आणि जवळपास सगळ्या इंग्रजीत आहेत. गडचिरोली जिल्ह्यात २०११ मध्ये ३८ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते; घरात माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे बंगालीही बोलली जाते.

अंतराचा हिशेब नकाशावर मोजून भागत नाही. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडे जास्त. सिरोंच्याहून गडचिरोली हे स्वतःच्या जिल्ह्याचे ठिकाणच २०० किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि त्या आठवड्यातली तारीख गेली ती गेली. रेल्वेचा आधार गडचिरोली जिल्ह्याला आजवर केवळ देसाईगंज म्हणजे वडसा स्थानकापुरता मिळाला. नागपूर ते मुंबई आणखी सुमारे ८४० किलोमीटर. मुंबईत उतरल्यावर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा २००६ पासून मुलांच्या कुटुंबांना मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया ही ठिकाणे आहेत. मात्र मुक्कामाच्या जागांची पहिली गरज उपचार चालू असलेल्या मुलांना असते, आणि एका दिवसाच्या तपासणीला आलेल्या कुटुंबाला आपली सोय आपण पाहावी लागते.

तारखा कामाच्या हंगामावरही आदळतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची असतात, जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी. तेंदूपानांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि अनेक घरांत वर्षातली रोख कमाई त्यातूनच होते. एका तपासणीसाठी आईवडिलांपैकी एकाचे तीन-चार दिवस गेले, तर तो खर्च कुठल्याही सरकारी कागदावर दिसत नाही. सवलती आहेत. कर्करुग्णाला उपचारासाठी किंवा नियमित तपासणीसाठी रेल्वेच्या शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के भाडेमाफी मिळते. एसटीच्या भाड्यात कर्करुग्णाला ७५ टक्के सवलत आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. तिच्यात ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा-सेवाही होत्या, आणि पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. म्हणजे तपासणी हा उपचाराचाच भाग आहे हे रेल्वेने आणि राज्याने तत्त्वतः मान्य केलेले आहे. अडचण प्रमाणपत्राची असते. सवलतीचा कागद रुग्णालयातून आणायचा आणि रुग्णालयात जाण्यासाठीच तो हवा, या फेऱ्यात पहिला प्रवास पदरमोड करूनच होतो.

समाधान कसे मोजतात

आरोग्यसेवेचा दर्जा संरचना, प्रक्रिया आणि परिणाम या तीन बाजूंनी तपासावा, अशी मांडणी अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये केली. रुग्णाचे समाधान हा दर्जाचा एक निकष आहे, असे त्यांच्या विचारात ठामपणे येते. त्यानंतर समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यांतली अठरा प्रश्नांची ‘पीएसक्यू-१८’ जगभर वापरली जाते. एकूण समाधान, वैद्यकीय कौशल्य, वागणूक, संवाद, खर्च, डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि सेवेपर्यंत पोचण्याची सोय, अशी सात अंगे ती तपासते. भारत सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था सुरू केली. रुग्णालयातून परतलेल्याला संदेश किंवा फोन येतो आणि समाधानी आहात का, नसल्यास कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च की उपचार यांतले कारण काय, असे विचारले जाते. साधन म्हणून हे स्वागतार्ह आहे. पण जंगलपट्ट्यातल्या कर्करोगमुक्त मुलांच्या बाबतीत अशा मोजणीत तीन मोठी छिद्रे राहतात.

पहिले छिद्र असे की प्रश्न आलेल्यांनाच विचारला जातो. सातव्या वर्षी बरी झालेली आणि दहाव्या वर्षी येणे बंद झालेली मुलगी कुठल्याच आकडेवारीत नसते. तपासणीला येणाऱ्यांपैकी बहुसंख्य समाधानी आहेत, या वाक्याचा अर्थ असमाधानी होते ते येईनासे झाले, असाही होऊ शकतो. उपचार अर्धवट सोडण्याच्या बाबतीत हा धडा भारतात गिरवून झाला आहे. टाटा रुग्णालयात एके काळी पाचातले एक मूल उपचार नाकारत असे किंवा मध्येच सोडत असे. इम्पॅक्ट फाउंडेशनच्या कामातून राहण्याची, पैशांची, आहाराची सोय झाली, गैरहजर मुलाच्या घरी फोन जाऊ लागले, आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. न आलेल्याचा शोध घेतल्यावरच न येण्याची कारणे कळतात. उपचारांच्या काळासाठी हा शोध घेतला गेला. उपचारांनंतरच्या वर्षांसाठी तेवढ्या नेटाने अजून व्हायचा आहे.

दुसरे छिद्र कृतज्ञतेचे. ज्या डॉक्टरांनी मूल वाचवले त्यांच्या दवाखान्यात उभे राहून, त्यांच्याच माणसाने विचारले असता, कुठला बाप तक्रार करील? ‘सगळं बरं आहे साहेब’ हे उत्तर खोटे नसते. ते मुलाच्या जिवाबद्दल असते, प्रश्न मात्र सेवेबद्दल असतो. शिवाय पुढची तारीख त्याच खिडकीवर घ्यायची असते, याचे भान गरिबाला सतत ठेवावे लागते.

तिसरे छिद्र सर्वांत खोल आहे: अपेक्षा. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केरळ आणि बिहारची तुलना केली होती. केरळात आयुर्मान सर्वाधिक, आणि आपण आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही सर्वाधिक; बिहारात आयुर्मान कितीतरी कमी, आणि आजाराची तक्रारही कमी. माणूस ज्या परिस्थितीत वाढतो तीच त्याला रीतसर वाटू लागते, असा त्याचा अर्थ. समाधानालाही हेच लागू पडते. आपल्या मुलाला कोणती औषधे मिळाली, त्यांचे पुढे काय परिणाम होऊ शकतात, कोणती तपासणी किती वर्षांनी व्हायला हवी हे आपल्याला सांगितले जायला हवे होते, हेच ज्या आईला ठाऊक नाही ती या त्रुटीबद्दल असमाधानी कशी असेल? गडचिरोलीतल्या कुटुंबाने पाचपैकी पाच गुण दिले आणि मुंबईतल्या सुशिक्षित कुटुंबाने तीन, तर गडचिरोलीला सेवा चांगली मिळते असा निष्कर्ष काढणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

म्हणून इथे समाधान थेट विचारण्यापेक्षा त्याचे घटक तपासणे अधिक प्रामाणिक ठरते. घरात मुलाच्या उपचारांचा सारांश सांगणारा एक तरी कागद आहे का? तो कुणी वाचून दाखवला का? बोलावतात ते का बोलावतात, हे घरातल्या निदान एका माणसाला सांगता येते का? ताप आला, धाप लागली, मूल लंगडू लागले तर जवळ कुणाकडे जायचे, आणि तिथल्या डॉक्टरला काय सांगायचे, हे माहीत आहे का? गेल्या खेपेला डॉक्टर बोलले ते मुलाशी बोलले की वडिलांशी? पंधरा-सोळा वर्षांच्या मुला-मुलीला स्वतः काही विचारायची संधी मिळाली का? हे प्रश्न वरवर साधे आहेत. त्यांतल्या तीन-चारांची उत्तरे ‘नाही’ आली, तर मिळालेले पाच गुण बाजूला ठेवायला हरकत नाही.

इथलेच काही धोके

मार्गदर्शक तत्त्वे ज्या देशांत लिहिली गेली तिथे क्वचितच भेटणाऱ्या काही गोष्टी या दोन जिल्ह्यांत रोजच्या आहेत, आणि पाठपुरावा चांगला की वाईट हे त्यांनीही ठरते. सिकलसेल हा त्यांतला पहिला. पूर्व विदर्भातल्या अनेक समाजांत तो मोठ्या प्रमाणात आहे. सिकलसेलमुळे खुब्याचे हाड झिजू शकते, आणि ल्युकेमियात दिलेल्या स्टिरॉइडमुळेही तेच होऊ शकते. लंगडणारे मूल आले की इथला डॉक्टर सिकलसेलचा विचार करतो आणि तो बरोबरच असतो. मात्र पाच वर्षांपूर्वी याने स्टिरॉइड घेतले होते हे त्याला कुणी सांगितले नाही, तर निदान अर्धेच राहते. हिवताप दुसरा. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. ज्याची प्लीहा काढावी लागली किंवा तिला शेक मिळाला, अशा मुलाचा ताप हा हिवतापाची पट्टी तपासून घरी पाठवण्यासारखा नसतो. प्लीहा निकामी असलेल्याला जंतुसंसर्ग काही तासांत गाठू शकतो.

सर्वांत जास्त काळजी करावी अशी वेळ मुलींच्या गर्भारपणाची. लहानपणी डॉक्सोरुबिसिन मिळालेल्या मुलीचे हृदय एरवी काम रेटून नेते, पण गर्भारपणात त्याच्यावरचा भार वाढतो आणि दडलेली इजा उघडी पडू शकते. अशा स्त्रीचा इको गर्भारपणाआधी किंवा सुरुवातीलाच व्हायला हवा. गडचिरोलीत गरोदर बाईला धाप लागली, पाय सुजले, तर पहिला संशय रक्तक्षयावर जातो. रक्तक्षय इथे इतका सर्रास आहे की तो बहुधा असतोही, आणि त्यामागे हृदय झाकले जाते. यावर उपाय महागडा नाही. नोंदणीच्या वेळी परिचारिकेने ‘लहानपणी मोठा आजार झाला होता का, केमो दिली होती का’ एवढे विचारले आणि उत्तर खरे मिळाले, तर काम भागते. खरे उत्तर मिळणे मात्र सोपे नाही. लग्न जमवताना मुलीचा कर्करोग लपवलेला असतो. सासरी तो माहीत नसतो, आणि तपासणीसाठी नागपूरला जायचे तर कारण काय सांगायचे हा पेच असतो. मुलींची तपासणी लग्नानंतर थांबण्याचे हे एक थेट कारण आहे. त्याआधीही मुलीचे पारडे हलकेच असते: भारतातल्या रुग्णालयांत कर्करोगासाठी आणलेल्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या जैविक कारणांनी समजावता येईल त्याहून जास्त दिसते. म्हणजे काही मुली दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.

खर्रा हा आणखी एक. तंबाखू, सुपारी आणि चुन्याचा हा घोटलेला ऐवज पूर्व विदर्भात शाळकरी मुलांच्या खिशातही सापडतो. कर्करोगातून वाचलेल्याला दुसरा कर्करोग होण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, आणि त्याच्यासाठी खर्रा म्हणजे हाताने ओढवून घेतलेले संकट. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखूविरोधी कार्यक्रम डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून चालत आला आहे. पाठपुराव्याचा सल्ला आणि मुक्तिपथचे गावातले कार्यकर्ते यांची गाठ घालून देणे हे अवघड काम नाही.

केमोने आधीच्या लसींचे संरक्षण कमी होते, म्हणून उपचार संपल्यावर काही महिन्यांनी लसींच्या मात्रा पुन्हा द्याव्या लागतात. हे काम गावातल्या लसीकरण सत्रात होऊ शकते, चिठ्ठी मात्र सोबत हवी. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा. वर्षातले बहुतेक दिवस ती घरी नसतात, तारीख आईच्या पेटीतल्या फाइलमध्ये आणि मूल शंभर किलोमीटरवर वसतिगृहात, असे होते. अधीक्षकाला आजाराची माहिती द्यावी तर इतर मुलांना कळण्याची भीती, न द्यावी तर धाप लागलेल्या मुलाला पळायला लावले जाण्याची.

जवळ काय आहे

वाचलेल्या मुलाची सगळी तपासणी मोठ्या कर्करोग रुग्णालयातच झाली पाहिजे असे नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे कर्करोगतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर यांनी मिळून पाठपुरावा करण्याचा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. वाचलेल्या व्यक्तींपैकी आणि डॉक्टरांपैकीही बहुसंख्यांनी या वाटणीबद्दल समाधान व्यक्त केले. तिथे घरोघरी फॅमिली डॉक्टर आहे आणि नोंदी पक्क्या आहेत. तो नमुना जसाच्या तसा एटापल्लीत उतरणार नाही. पण कामाची वाटणी हे त्याचे तत्त्व इथेही लागू आहे. उंची, वजन, रक्तदाब, रक्ततपासणी हे ग्रामीण रुग्णालयात होते. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, सोनोग्राफी यांसाठी जिल्ह्याचे ठिकाण पुरावे. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही ते आता सुरू झाले आहे. दर दोन वर्षांचा इको तिथे व्हावा. नागपूर-मुंबईची वारी मग ज्यांच्या तपासणीत काही खोट निघाली त्यांच्यापुरती आणि काही वर्षांतून एकदाची राहील. मधल्या काळात प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला तज्ज्ञाशी बोलण्यासाठी २०१९ पासून ई-संजीवनीची दूरसेवा आहे.

गावपातळीवरची माणसेही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. त्यांच्या यादीत कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलाची खूण असली, तर दरवर्षी निदान एक माणूस त्याच्याकडे जाणीवपूर्वक पाहील. सिकलसेलच्या रुग्णांना आणि वाहकांना कार्ड देण्याची पद्धत इथे रुळलेली आहे, कुटुंबे ते जपून ठेवतात आणि डॉक्टरला दाखवतात. बऱ्या झालेल्या मुलासाठीही तसेच एक कार्ड हवे: आजाराचे नाव, उपचाराची वर्षे, औषधांच्या एकूण मात्रा, शेक कुठे दिला, आणि पुढे कोणत्या वर्षी कोणती तपासणी. एक बाजू मराठीत आणि एक इंग्रजीत. हे कार्ड भरायला उपचार करणाऱ्या डॉक्टरला थोडा वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत तो काढणे कठीण आहे हे खरे. पण उपचार संपण्याच्या दिवशी ते भरले गेले नाही, तर दहा वर्षांनी जुनी फाइल शोधून मात्रा काढणे जवळपास अशक्य होते.

गावातल्या बाईवर एवढी जबाबदारी कशी टाकायची, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर याच जिल्ह्यात मिळालेले आहे. ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून बाळाला इंजेक्शन देणाऱ्या स्त्रियांना कार्डावरचे वर्ष पाहून ‘यंदा इको करायचा आहे’ अशी आठवण देणे जड नाही. महाराष्ट्रात घरी जाऊन कर्करुग्णांचा पाठपुरावा करण्याचीही परंपरा आहे: बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून गावोगाव माणसे पाठवून रुग्णांची माहिती घेत आली आहे.

समाधानाची विचारपूस याच घरभेटींना जोडता येते. विचारणारी व्यक्ती उपचार केलेल्या रुग्णालयाची नसावी. घरच्या भाषेत, माडियात किंवा तेलुगूत, विचारावे. आईला आणि मुलाला वेगवेगळे विचारावे, आणि बारा वर्षांपुढच्या मुलाचे उत्तर वेगळे लिहावे. गुण मागण्याऐवजी गेल्या खेपेला काय झाले ते क्रमाने सांगायला सांगावे: घरून किती वाजता निघालात, कुठे झोपलात, किती वेळ थांबलात, डॉक्टर काय म्हणाले, परत आल्यावर कुणाला काय सांगितले. यादीतल्या प्रत्येकाकडे जावे, तारखेला न आलेल्यांकडे आधी. न येण्याचे कारण पैसा, पूर, रोवणी, लग्न, डॉक्टरचा तुसडा शब्द की ‘आता तर बरा आहे’ हा समज, यांतले कोणते ते लिहून घ्यावे, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पुरासाठी तारीख हिवाळ्यात हलवता येते, पैशासाठी सवलतीचा कागद आधीच गावात पोचवता येतो, लपवलेल्या आजारासाठी तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात ठेवता येते.

एक जागा तरीही मोकळी राहते. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, बालरोग विभागही त्याच सुमारास मुलाला मोठ्यांच्या विभागाकडे सोपवतो, आणि हृदयाचे, प्रजननाचे, दुसऱ्या कर्करोगाचे बरेचसे धोके त्या वयानंतर वाढतात. मोठ्यांच्या विभागात या तरुणांचा कुणी ठरलेला डॉक्टर नसतो. त्याच वयात ते धानाच्या शेतावर, कोळसा खाणीत, चंद्रपूरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली किंवा पुण्या-हैदराबादला कामाला लागतात आणि घरचा पत्ता बदलतो. तपासणीचे कार्ड तोवर आईवडिलांच्या हातातून त्यांच्या हातात आलेले असावे, त्यावरचे प्रत्येक औषध त्यांना एकदा समजावून दिलेले असावे, आणि जिल्हा रुग्णालयात एका वैद्यकीय अधिकाऱ्याकडे दोन्ही जिल्ह्यांतल्या अठरा वर्षांवरील अशा तरुणांची यादी फोन क्रमांकासह असावी. ती यादी दरवर्षी पुन्हा पडताळावी लागेल, कारण फोन क्रमांक बदलत राहतात.